खळ

गोकुळदास सरांनी दिलेल्या अभिप्रायातलं निम्मं खरं होतं, आणि तिथंच माझी पंचाईत झाली. सगळंच खोटं असतं तर मी ती अकरा पानं त्यांच्या दारातच फाडून टाकली असती. मला राग लवकर येतो, हे आमच्या मुळगावात कोणालाही विचारा. पण माणूस निम्मं खरं बोलला की उरलेलं निम्मंही आपण मान खाली घालून घेतो. डॉक्टरचं एक औषध लागू पडलं की दुसरी बाटली वास न घेता पितो, तसं.

मी सगुण परब. डिचोलीजवळच्या मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. घरात मी आणि आई. माझं लग्न झालं नाही, ती वेगळी गोष्ट. सत्त्याऐंशीच्या आधीची दोन-तीन वर्षं गोव्यात माणूस भेटला की आधी त्याची भाषा विचारली जायची, मराठी की कोंकणी, आणि मग तब्येत. मी मराठीच्या बाजूचा. नुसता बाजूचा नव्हे, घसा बसेपर्यंत ओरडणारा. डिचोलीच्या मोर्चात पुढे असायचो, पणजीला दोनदा जाऊन आलो. आमच्या घरात पोथी मराठी, आरती मराठी, लग्नाची पत्रिका मराठी, मेल्याचं पत्र मराठी. फक्त तोंड उघडलं की निघायचं ते वेगळं, आणि त्याकडे आम्ही कोणी लक्ष देत नव्हतो. शाळेत पोरांनी निबंधात 'मला'ऐवजी 'म्हाका' लिहिलं की मी लाल शाईनं गोल काढायचो. वीस वर्षांत किती गोल काढले असतील देव जाणे.

त्याच काळात मी कादंबरी लिहीत होतो. सुर्ल्याच्या खाणीवरची. खाणी सुरू झाल्या तेव्हा, म्हणजे पाखल्यांच्या, पोर्तुगिजांच्या राज्यात, आमच्या भागातल्या बायका माती-दगड डोक्यावरून वाहायला जायच्या. आईही गेली. तिच्या पाठीवर माझी धाकटी बहीण असायची, दोन वर्षांची. तिचं नाव कमलाक्षी, पण हाक मारायची ती 'बाय' म्हणूनच. मी आठ वर्षांचा असताना बाय तापानं गेली. घरात मला सांगितलं होतं ते एवढंच. तिन्हीसांजेला आई तिला खांद्यावर घेऊन आली, चटईवर निजवलं आणि आजीला म्हणाली, 'गेली.' बाकी कोणी काही विचारलं नाही, आणि तीस वर्षं तीही काही बोलली नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात ती बोलली. दुपारची वेळ होती. मागच्या ओसरीवर ती भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडत बसली होती, सोलं सुकवायला. हात कोपरापर्यंत लाल. मी खाणीवरचं काहीतरी विचारत होतो, टोपली केवढी असायची, मुकादम कुठला होता, असलं. तिनं सुरी खाली ठेवली.

"आज सांगतां," ती म्हणाली. "परत विचारूं नाका."

मग तिनं सांगितलं. बायला सकाळपासून ताप होता. झाडाला बांधलेल्या झोळीत तिला ठेवलं होतं. आईनं घरी जाऊ द्या म्हणून मुकादमाला तीनदा विनवलं, त्यानं सोडलं नाही. दुपारी भाकरी खायला बसायच्या वेळी झोळीत हात घातला तर अंग गार. आईच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? रडायचं नाही, हे. कारण गावाबाहेर मेलेलं मूल कोणाच्या नजरेला पडलं की रेजिदोरला, म्हणजे पाखल्यांच्या गावच्या अंमलदाराला कळवा, त्याचा माणूस येईपर्यंत थांबा, कागद होईपर्यंत मढ्याला हात लावू नका, असं तिनं दुसऱ्या एका बाईच्या बाबतीत पाहिलं होतं. तिला पोर घरी आणायची होती. म्हणून तिनं बायला उचलून खांद्यावर टाकलं, डोकं पदराखाली घेतलं आणि मुकादमाला न विचारताच सुर्ल्याहून चालायला लागली. साखळी गावावरून, डिचोलीच्या भरल्या बाजारातून, मुळगावापर्यंत. आणि वाटभर ती बायशी बोलत राहिली, जिवंत मुलाशी बोलावं तशी. माणसं दिसली की जरा मोठ्यानं. बोलणं थांबलं असतं तर लोकांना कळलं असतं.

काय काय बोलली ते तिनं मला सगळं सांगितलं. वाटेत दिसलेलं एकेक, बाजारातल्या बांगड्या, काकणवाल्याची थट्टा, घरी गेल्यावर खायची पेज, बायची एक आवडती म्हैस होती तिच्याबद्दल. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. बोलत होती ती बायशीच. मी वही घेऊन बसलो आणि तिच्या तोंडून पडलं तसं उतरवून घेतलं, एकही शब्द मराठी न करता. आयुष्यात पहिल्यांदाच माझा लाल शाईचा हात गप्प बसला होता. चार पानं झाली.

तीच चार पानं मी कादंबरीत जशीच्या तशी घातली, आणि वहीतली फाडून टाकली, कारण पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नाही ही माझी शिस्त. कसली शिस्त, डोंबलाची. आठवड्यानं मी तिला ती वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. डोळे मिटून तिनं ऐकलं.

"हय. अशेंच," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "हें सगळें पुस्तकांत येतलें?"

"येतलें."

"बरें. तर म्हाका आतां तें धरून रावपाक नाका."

आता ते धरून राहायला नको, हे तिचं वाक्य तेव्हा मला नुसतं आवडलं होतं. त्याचा अर्थ पुढं कळला.

पावसाळा संपता संपता कादंबरी पुरी झाली. तीनशे बारा पानं, निळ्या शाईत, एकच प्रत. छापायला पाठवण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून घालावी असं सगळेच म्हणाले. फोंड्याला गोकुळदास धारगळकर सर होते. मूळचे पेडण्याचे, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. कोल्हापूरच्या एका प्रकाशकासाठी ते गोव्यातली हस्तलिखितं वाचायचे. त्यांनी चांगलं म्हटलं तर पुस्तक निघतं, अशी ख्याती होती. नारळांची पिशवी आणि बाड घेऊन मी फोंड्याची बस धरली. तीन आठवड्यांनी परत बोलावलं त्यांनी, तेव्हा हिरव्या शाईतली अकरा पानं तयार होती.

माणूस कष्टाळू, ते नाकारत नाही. त्यांनी ओळ न् ओळ वाचली होती. "पहिली दोन प्रकरणं तुम्ही घसा साफ करण्यात घालवलीत," ते म्हणाले. खरं होतं. "हा तुमचा खाणमालक नाटकातला खलनायक आहे, याला मिशा तेवढ्या कमी आहेत. तो काढा. मुकादम पुरे." तेही खरं. एका प्रकरणात मी बाप आधी मारून मग जेवायला बसवला होता, तेही त्यांनीच पकडलं. मी मान डोलावत गेलो. मनात म्हटलं, असा वाचक मिळायला भाग्य लागतं.

मग ते त्या चार पानांवर आले. चष्मा काढून ठेवला.

"मास्तर, ही तुमच्या पुस्तकातली सगळ्यात मोठी जागा आहे. आणि ती तुम्ही वाया घालवली आहे."

"कशी सर?"

"संवाद. अहो, सगळ्या पुस्तकभर हे म्हाका-तुका चाललंय, ते एक वेळ चालेल. पण इथं? पोर मेलंय आईचं. बोलीत माणसानं विनोद करावा, मास्तर. शोक शुद्ध भाषेतच शोभतो." त्यांनी एका वाक्याखाली हिरवी रेघ मारली होती आणि समासात ते वाक्य उतरवून बाजूला सुधारूनही दिलं होतं. आईचं वाक्य होतं, 'बाय, न्हिदूं नाका. घर आयलें पळय.' सरांनी केलं होतं, 'बाळ, झोपू नकोस. आपले घर जवळ आले आहे.'

मी त्या हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांना वाटलं पटलं नाही, म्हणून ते खुर्ची पुढं ओढून बसले.

"दुसरंही सांगतो. दिवस कसले आहेत बघताय ना? हे छापलं की उद्या कोणीतरी विधानसभेत फडकवेल. म्हणेल, बघा, हा डिचोलीचा मराठी शाळेचा मास्तर, आणि ही याची आई. मुलाच्या मढ्याशी ती कुठल्या भाषेत बोलते बघा. मग कसल्या तोंडानं मोर्चात जाणार तुम्ही? आपणच आपल्या हातानं त्यांना पुरावा द्यायचा?" एवढं बोलून त्यांनी आतल्या दाराकडे तोंड केलं. "अगो विनोदिनी, च्या हाड मगो. मास्तराक उशीर जाता."

"हाडतंय, हाडतंय," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

सरांनी चहा बोलीत मागवला, हे मला तेव्हा ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. हसूही आलं होतं. पण समोर हिरव्या शाईची अकरा पानं होती, आणि मोर्चाचं नाव निघालं होतं. आईनं सांगितलेलं खरं होतं हे मला माहीत होतं. तरी मला भीती वाटली, लोक काय म्हणतील याची. आणि भीती वाटली असं कबूल करण्यापेक्षा, सर साहित्याचं बोलत आहेत असं मी मनाला सांगितलं. ते सोपं होतं.

"मग सगळेच संवाद बदलतो. सगळी प्रत पुन्हा उतरवू?" मी विचारलं.

"छे. तीनशे पानं उतरवताना नव्या चुका होतात. पट्ट्या कापा कोऱ्या कागदाच्या, त्यावर सुधारलेलं लिहा आणि मूळ ओळींवर चिकटवा. छापखान्यात असंच करतात. पट्ट्या नीट बसायला हव्यात, बस्स."

नीट बसायला खळ चांगली हवी, आणि खळ म्हटली की मुळगावात शेवंता परबीण, म्हणजे माझी आई. दिवाळीच्या आधी वाड्यावरची पोरं नरकासुर करतात. बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, त्यावर जुने कागद. ते कागद चिकटवायची खळ वर्षानुवर्षं आमच्याच चुलीवर शिजते. तांदळाचं पीठ, पाणी, चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं खात नाहीत. त्या वर्षी पोरांसाठी टोप भरून केली तेव्हा माझ्यासाठीही वाडगा भरून ठेवला तिनं.

"हे कागद कित्याक चिकटयता?" तिनं विचारलं.

"चुको जाल्यात. त्यो धांपतां." चुका झाकतोय, एवढंच सांगितलं मी.

"मास्तराच्योय चुको जातात?" ती हसली. खळीत बोट बुडवून तिनं दोन बोटांत ताणून बघितली. "घे. म्हजी खळ. कागद फाटतलो, पूण सुटचो ना."

आठ दिवस मी शाळेतून येऊन पट्ट्या कापत होतो आणि त्यावर बॉलपेननं लिहीत होतो. ती शेजारी बसून मला खळ लावून द्यायची, बोटानं, कडेपर्यंत, एकही बुडबुडा न ठेवता. माझ्या पुस्तकाला आपला हात लागतोय याचं तिला फार कौतुक होतं. त्या चार पानांना पट्ट्या पुरेनात, तेव्हा मी अख्ख्या पानाएवढे कागद कापले. त्यांनाही तिनंच खळ लावली. मी चिकटवले, तिनं वरून तळहात फिरवून सपाट केले. ती काय झाकत होती ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

सगळं वाळल्यावर मला वाटलं, एकदा तिला वाचून दाखवावं. खरं सांगायचं तर मला तिच्या तोंडून 'बरें जालें' ऐकायचं होतं, म्हणजे माझा जीव खाली बसला असता. मी ती चार पानं वाचली. शुद्ध, सोज्वळ, सरांच्या वळणाची. मी वाचतोही चांगलं. आई कीर्तनाला बसल्यासारखी मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

"बरें बरयलां," ती म्हणाली. मग म्हणाली, "कोण रे ती? खंयची?"

मी पानांची चळत नीट केली. "एक बायल," मी म्हटलं, कोणी एक बाई.

"भटाची आसतली. भुरगें खांदार मेल्लें आसतना इतलें शुद्ध कोण उलयता?" खांद्यावर पोर मेलेलं असताना इतकं शुद्ध कोण बोलतं, ते तिला कळेना. तरी तिनं पदरानं डोळे पुसले. "बिचारी. तिचेंय भुरगें म्हजे बायेवरीच गेलें?"

"हय."

"आनी म्हजें खंय?"

तिचं कुठं आहे, असं तिनं विचारलं त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. पुस्तक अजून घरात होतं, कोणी पाहिलेलं नव्हतं, सकाळी बसून ती पुन्हा एकदा सांगती तर सांगतीही. पण आठ दिवसांची मेहनत, सरांची अकरा पानं, कोल्हापूरचा प्रकाशक. मी म्हणालो, "तें फुडें आसा."

"येतलें तेन्ना वाच," ती म्हणाली आणि विळी घेऊन बसली.

बाड मी कोल्हापूरला पाठवून दिलं, सरांच्या शिफारसपत्रासह. त्यानंतर गोव्यात काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दगड पडले, रस्ते अडले, माणसं गेली. फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला आणि दोन्हीकडचे लोक आपणच जिंकलो आणि आपणच हरलो असं एकाच दिवशी म्हणायला लागले. मी मोर्चाला जायचं थांबवलं. तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे. घोषणा द्यायला तोंड उघडलं की आईचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि आवाज निघायचा नाही. मराठीवरचा माझा जीव तेव्हा कमी झाला नाही आणि आजही नाही, हेसुद्धा मी मराठीतच लिहितो आहे. मराठीनं मला आईचं तोंड बांध असं कधी सांगितलं नव्हतं. ते माझं मी केलं.

आई मधून मधून विचारायची. "तें म्हजें आयलें?" मी म्हणायचो, छापून येऊ दे, मग वाचतो. ती मान डोलवायची. शेजारच्या सुलोचनाला एकदा सांगताना मी ऐकलं, पुस्तकात आपली बाय आहे म्हणून.

मे महिन्याच्या शेवटी घटकराज्य झालं. शाळेत झेंडा, पेढे, भाषणं. त्यानंतर पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून बाड परत आलं, सोबत एक पत्र. पत्र सभ्य होतं. विषय नवा आहे, खाणीवरील जीवनाचे तपशील चांगले आहेत, वगैरे. मग लिहिलं होतं, 'मात्र पात्रांचे संवाद पुस्तकी वाटतात. विशेषतः मृत मुलीला घेऊन चालणाऱ्या आईचे बोलणे अगदीच कृत्रिम उतरले आहे. त्या भागातील कष्टकरी स्त्रियांचे बोलणे लेखकाने जवळून ऐकलेले नसावे असे वाटते. शक्य झाल्यास लेखकाने काही काळ त्या परिसरात राहून पुनर्लेखन करावे.'

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा हसलो. मुळगावात जन्मलेल्या माणसाला काही काळ मुळगावात राहायचा सल्ला.

दुसऱ्या दिवशी मी फोंड्याला गेलो. सरांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"ते दिवस वेगळे होते, मास्तर."

"सात-आठ महिने झाले, सर."

"आता वारं बदललंय. बोलीतल्या लेखनाला मागणी आहे. गेल्याच महिन्यात मी त्यावर भाषण केलं मडगावला." माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "हे बघा, अभिप्राय हा अभिप्राय असतो. तो मानायचा की नाही हे शेवटी लेखकानं ठरवायचं."

मी भांडायला गेलो होतो. वाटेत बसमध्ये वाक्यंही जुळवली होती, उंटावरचा शहाणा इथपासून सुरुवात करणार होतो. पण हे शेवटचं वाक्य खरं होतं. पुन्हा निम्मं खरं. त्यांनी माझ्या हाताला धरून पट्ट्या चिकटवल्या नव्हत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार. विनोदिनीबाईंनी आणलेला चहा मी प्यालो आणि निघालो.

घरी आलो तो एकच विचार करत. पट्ट्या काढायच्या. खाली मूळ आहे. ते पाठवायचं, म्हणायचं घ्या, जवळून ऐकलंय की नाही बघा. आणि आईला वाचून दाखवायचं, आलं ग तुझं.

आधी नखानं कड उचलून बघितली. वरचा कागद निघाला, पण खालच्याचं साल घेऊन. दुसऱ्या पानाला पातळ सुरी घातली, ते मधोमध फाटलं. मग मी पेजेच्या टोपावरचं झाकण काढून तिसरं पान वाफेवर धरलं. कागद फुगला, खळ मऊ पडल्यासारखी वाटली, पण सुटली नाही. शेवटी परातीत पाणी घेतलं आणि उरलेली दोन पानं त्यात ठेवली. थोड्या वेळानं वरचा कागद अलगद निघून आला. मी देवाचं नाव घेतलं. खालचं पान उचललं. त्यावर काही नव्हतं. फिकट निळा डाग, कडेला दोन-तीन वेलांट्या. सगळी शाई पाण्यात उतरली होती. परातीतलं पाणी निळं झालं होतं.

मी आठवायला लागलो. मी स्वतः ऐकलं होतं, स्वतः लिहिलं होतं, दोनदा. म्हशीबद्दल काय म्हणाली होती? काकणवाल्याला काय म्हणाली होती? जे आठवायचं ते शुद्ध आठवायचं, सरांच्या वळणाचं. एकच वाक्य माझ्याजवळ खरं उरलं होतं, आणि तेही सरांनी चूक म्हणून हिरव्या शाईत उतरवून ठेवलं होतं म्हणून.

आई मागच्या दारानं आत आली. टोपाचं झाकण खाली, परातीत निळं पाणी, जमिनीवर कागदाच्या चिंध्या. ती माझ्यासमोर बसली. मी तिला सगळं सांगितलं. फोंड्याचं, पट्ट्यांचं, पत्राचं. पुढे काही नाही हेही सांगितलं. मग मी वही उघडली.

"आई, परत एक फावट सांग. हांव तशेंच बरयतां."

तिनं लुगड्याला हात पुसले. मग तिनं खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, डावा हात वर गेला, खांद्यावर पोर असावी तसा. "बाय," ती म्हणाली. "बाय..." ओठ हलत राहिले. मग हात खाली आला.

"आतां येना," ती म्हणाली. "तीस वर्सां रोज म्हणटालें हांव, मनांत. विसरूं नये म्हणून. तुका दिलें, तुवें वाचून दाखयलें, तेन्नाच्यान सोडलें."

मी वाचून दाखवलं तेव्हापासून तिनं ते म्हणणं सोडलं होतं. मी वही मिटली. तिनं जमिनीवरचा एक ओला कागद उचलला, वरचा, शुद्ध मराठीतला, आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं पान ते तिला कळलं असावं.

"ती भटाची बायल," तिनं विचारलं, "ती हांवच?"

"हय."

"आनी हांवें तिका बिचारी म्हळें."

तिनं कागद उलटा केला. मागच्या बाजूला पांढरा बुळबुळीत थर अजून होता. तिनं त्याला बोट लावलं, नेहमीच्या सवयीनं दोन बोटांत ताणून बघितलं.

"खळय म्हजीच," ती म्हणाली, आणि परात उचलून निळं पाणी ओतायला परसात गेली.